बोट लागू नये म्हणून : पहिल्यांदा क्रूझवर जाणाऱ्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या क्रूझवर पहिल्यांदाच जाणारी आपल्याकडची मंडळी खोलीची, जेवणाची आणि कपड्यांची चौकशी महिनाभर आधी सुरू करतात. बोट लागण्याचा विचार मात्र बहुतेकांना सुचतो तो पोटात ढवळायला लागल्यावर. तोवर वेळ निघून गेलेली असते. समुद्राच्या हालचालीला शरीर सरावते हे खरे, परंतु त्याला साधारण दोन ते तीन दिवस लागतात, आणि मुंबईहून निघणाऱ्या अनेक सहली दोन किंवा तीन रात्रींच्याच असतात. म्हणजे शरीर सरावेपर्यंत बोट परत धक्क्याला लागलेली असते. लांबच्या सफरीवरील प्रवाशाला पहिला दिवस अंथरुणात काढून पुढचे दहा दिवस मजेत घालवता येतात. आपल्याला ती सवड नाही. त्यामुळे पुढील सगळ्या सूचनांचा रोख पहिली संध्याकाळ आणि पहिली रात्र सांभाळण्यावर आहे.

त्रास कशामुळे होतो

तोल सांभाळणारे इंद्रिय कानाच्या आतल्या भागात असते. तेथील तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याचे टिपतात आणि त्यांच्या शेजारचे दोन लहान अवयव वर-खाली, पुढे-मागे होणारी हालचाल टिपतात. खिडकी नसलेल्या खोलीत बसलेल्या माणसाचे डोळे मेंदूला सांगतात की भिंती, पलंग, टेबल सगळे जागच्या जागी आहे. त्याच वेळी कान सांगत असतो की आपण वर-खाली होत आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. माळशेज घाटात मोबाइलमध्ये डोके घालून बसलेल्या मुलाला गाडी लागते, तीही याच कारणाने.

समुद्रावर सर्वांत त्रासदायक ठरते ती संथ गतीने वर-खाली होणारी हालचाल, साधारण पाच सेकंदांत एक या वेगाची. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना पंखांसारखे स्टॅबिलायझर असतात. ते डाव्या-उजव्या बाजूचे डोलणे बरेच कमी करतात, परंतु जहाजाचे नाक वर-खाली होणे किंवा सबंध जहाजच लाटेबरोबर उचलले जाणे त्यांना थांबवता येत नाही. ‘एवढी अवाढव्य बोट, ती काय हलणार’ या भरवशावर राहू नये.

दोन ते बारा वर्षांची मुले, गर्भवती स्त्रिया, अर्धशिशीचा त्रास असलेले आणि ज्यांना एरवीही गाडी लागते ते लोक यांना बोट लागण्याची शक्यता अधिक असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये हे प्रमाण जास्त आढळते. मनाच्या खंबीरपणाशी याचा संबंध नाही. चार्ल्स डार्विन १८३१ ते १८३६ अशी पाच वर्षे ‘बीगल’ जहाजावर होता आणि त्याला हा त्रास अखेरपर्यंत होत राहिला. तेव्हा घरातल्या कोणी त्रास होतो असे म्हटले, तर ‘मनावर घेऊ नकोस’ असे सांगणे थांबवावे आणि त्याला गोळी द्यावी.

आपल्याला बोट लागते का हे पाहण्यासाठी तलावपाळीच्या मासुंद्यातील नौकाविहार अर्थातच कामाचा नाही. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट त्यातल्या त्यात बरी चाचणी आहे. सुमारे तासाभराचा प्रवास आहे आणि दुपारच्या वाऱ्यात पाणी थोडे हलते. त्यात मळमळले, तर क्रूझवर औषधाशिवाय जाऊ नये. काहीच झाले नाही, तरी निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, कारण हा बराचसा प्रवास बंदराच्या आडोशातच होतो.

तिकीट काढताना

दोन गोष्टी याच वेळी ठरतात आणि नंतर सहज बदलता येत नाहीत : महिना आणि खोली. कोकण किनाऱ्यालगतचा समुद्र साधारणपणे नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात शांत असतो, जरी वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्यांमुळे हिवाळ्यातही एखादे दिवस लाटा वाढतात. मार्चनंतर दुपारचे वारे जोर धरू लागतात, आणि मे महिन्यात वादळाचा धोकाही असतो. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईजवळून गेले ते अनेकांना आठवत असेल. मुलांच्या सुट्टीमुळे मे महिन्याकडे ओढा असतो, हे समजण्यासारखे आहे. पण घरात बोट लागणारी दोन माणसे असतील, तर दिवाळीनंतरची किंवा नाताळच्या आसपासची तारीख पाहावी. निघण्याच्या तीन-चार दिवस आधी हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या केंद्रीय संस्थेच्या संकेतस्थळावर लाटांच्या उंचीचा अंदाज पाहता येतो. माझ्या मते, मीटरभराच्या लाटा मोठ्या जहाजावर फारशा जाणवत नाहीत. अंदाज दोन मीटरच्या पुढे असेल, तर एरवी ठणठणीत असलेल्यांनीही औषध जवळ ठेवावे.

खोली निवडताना ती लांबीच्या दृष्टीने मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर असेल असे पाहावे. जहाज लाटेवर सी-सॉसारखे हलते : दोन्ही टोकांना उचल सर्वांत जास्त, मधोमध सर्वांत कमी. मजला जितका वरचा, तितके डोलणेही जास्त. गंमत अशी की बाल्कनीच्या महागड्या खोल्या बहुधा वरच्या मजल्यांवर असतात. खिडकीमुळे क्षितिज दिसते हा फायदा खरा, पण अगदी पुढच्या टोकाची बाल्कनी आणि मध्यभागातील खालची खिडकीची खोली यांत निवड करायची झाली, तर दुसरी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत दुसरे काही करावे. भारतीय किनाऱ्यावर सप्टेंबर २०२१ पासून फिरणारे कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज सुमारे २११ मीटर लांब आहे. एवढ्या लांबीत टोकाची खोली आणि मधली खोली यांच्या उचलीत चांगलाच फरक पडतो. आरक्षण करणाऱ्याकडून जहाजाचा आराखडा मागून घ्यावा आणि खोलीचा क्रमांक त्यावर स्वतः शोधावा. ‘मधलीच आहे साहेब’ या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

आदल्या पंधरवड्यात : औषध

या भागाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आपल्या घरोघरच्या औषधांच्या डब्यात उलटीची गोळी असतेच, परंतु ती कोणती हे सहसा कोणी पाहत नाही. पोट बिघडल्यावर डॉक्टर जे ऑन्डान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोन देतात, ते त्या प्रकारच्या उलटीसाठी चांगले असले, तरी हालचालीमुळे होणारी मळमळ रोखण्यासाठी त्यांचा विशेष उपयोग होत नाही. बोट लागण्यावर काम करणारी औषधे वेगळी आहेत : प्रोमेथाझिन (ॲव्होमिन या नावाने मिळते ते), डायमेनहायड्रिनेट, मेक्लिझिन आणि सिनारिझिन. ही सगळी तोलाच्या इंद्रियाकडून मेंदूकडे जाणारे संदेश मंदावणारी आहेत आणि कमी-अधिक प्रमाणात झोप आणणारीही आहेत. यांपैकी कोणते आपल्याला चालेल, हे नेहमीच्या डॉक्टरांना विचारून ठरवावे. दुकानात जाऊन नुसते ‘उलटीची गोळी द्या’ म्हटले, तर बहुधा पहिल्या गटातलीच गोळी हातात पडते.

डॉक्टरांना विचारताना पुढील बाबी आपणहून सांगाव्यात, कारण गर्दीच्या दवाखान्यात त्या विचारल्या जातीलच असे नाही : काचबिंदू, पुरुषांमध्ये प्रोस्टेटची वाढ आणि लघवी अडण्याचा त्रास, फिट्स, दमा, गर्भारपण, बाळाला अंगावर पाजणे, आणि सध्या चालू असलेली सर्व औषधे. पार्किन्सनचा आजार असलेल्या वडीलधाऱ्यांना सिनारिझिन देऊ नये, कारण त्याने कंप आणि ताठरपणा वाढू शकतो; चक्करवर म्हणून हे औषध अनेक ज्येष्ठांच्या डब्यात आधीपासूनच असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दोन वर्षांखालील मुलांना प्रोमेथाझिन मुळीच देऊ नये. त्याहून मोठ्या मुलांचा डोस वजन आणि वय पाहून बालरोगतज्ज्ञच ठरवतील. मोठ्यांची गोळी अंदाजाने अर्धी मोडून देणे धोक्याचे आहे.

औषध ठरले की सुट्टीच्या एखाद्या दिवशी घरीच एक गोळी घेऊन पाहावी. काहींना दोन तास जड वाटते, काहींना दिवसभर डोळे उघडवत नाहीत, आणि एखाद्या मुलाच्या बाबतीत उलटेच होऊन ते चिडचिडे आणि अस्वस्थ होते. हे सारे जहाजावर पहिल्यांदा कळण्यापेक्षा घोडबंदर रोडवरच्या आपल्या दिवाणखान्यात कळलेले बरे. सर्दीच्या अनेक गोळ्यांत याच प्रकारचे झोप आणणारे औषध असते, त्यामुळे दोन्ही एकत्र घेऊ नयेत. या औषधांवर मद्य घेणे तर पूर्णपणे टाळावे.

परदेशातून येणारे नातेवाईक कानामागे लावायची स्कोपोलामाइनची पट्टी आणून देतात. ती निघण्याच्या किमान चार तास आधी लावायची असते आणि तीन दिवस काम करते, म्हणजे आपल्या छोट्या सहलीला ती सोयीची आहे. परंतु तोंडाला कोरड पडणे, अंधूक दिसणे आणि वृद्धांमध्ये गोंधळल्यासारखे होणे हे तिचे परिणाम लक्षात घेता, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय ती लावू नये. लावल्यावर हात साबणाने धुवावेत. बोटाला लागलेले औषध डोळ्यात गेले, तर त्या डोळ्याची बाहुली मोठी होते आणि पाहणारे घाबरतात.

घरगुती उपायांपैकी आल्याला काही प्रमाणात शास्त्रीय आधार आहे. सुंठेची पूड, आलेपाक किंवा आल्याचा तुकडा मिठाबरोबर चघळणे, यांपैकी काहीही चालेल. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी मात्र जास्त प्रमाण टाळावे. मनगटावर बांधायच्या पट्ट्यांबद्दलचे पुरावे उलटसुलट आहेत. त्यांतील गोल बटण मनगटाच्या घडीपासून तीन बोटे कोपराकडे, मधल्या दोन शिरांसारख्या ताठ दोऱ्यांच्या मधे यावे लागते. त्यांचा अपाय काही नाही, म्हणून हवी तर बांधावी, पण गोळीच्या ऐवजी नव्हे. ओवा, आवळा सुपारी, लिंबाचा वास यांनी तोंडाला बरे वाटते, इतकेच.

निघण्याचा दिवस

गोळी केव्हा घ्यायची हे औषधावर अवलंबून आहे. प्रोमेथाझिनच्या या गोळीच्या वापराच्या सूचनेनुसार, लांबच्या प्रवासासाठी ती आदल्या रात्री झोपताना सुरू करायची असते. सिनारिझिन साधारण दोन तास आधी, मेक्लिझिन तासभर आधी आणि डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी घेतात. डॉक्टरांनी वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळावे. पोटातून शोषले जाऊन औषध कामाला लागायला हा वेळ लागतो, आणि मळमळ सुरू झाल्यावर पोटाची हालचालच मंदावत असल्याने गोळी नीट शोषली जात नाही.

दुपारचे जेवण हलके असावे : वरण-भात, मुगाची खिचडी, इडली किंवा दहीभात. उपाशीपोटी जाणेही चूकच आहे, कारण रिकाम्या पोटी मळमळ अधिक होते. वाटेत वडापाव खाऊ नये, हे ठाणेकरांना सांगणे जड जाते, पण त्या दिवसापुरते तळण बंद.

धक्क्यापर्यंतचा प्रवास हाही याच तयारीचा भाग आहे. मुलुंड-आनंदनगरच्या कोंडीत दीड तास गचके खात, मोबाइलवर तिकिटे चाळत गेलेला माणूस बोटीवर चढण्याआधीच अर्धा मळमळलेला असतो. सामान बेताचे असेल, तर दुपारच्या कमी गर्दीत ठाण्याहून किंवा हार्बर मार्गाने वाशी-नेरुळहून लोकलने छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरून तेथून टॅक्सी करणे सर्वांत उत्तम. गाडीनेच जायचे झाल्यास उलवे-पनवेलकडच्यांना जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू सोयीचा आहे. ज्याला त्रास होतो त्याला पुढच्या सीटवर बसवावे, काच थोडी खाली ठेवावी, आणि गाडीत सुगंधाची डबी असेल तर ती काढून टाकावी.

हातातल्या पिशवीत पुढील वस्तू असाव्यात, मोठ्या बॅगेत नकोत, कारण मोठी बॅग खोलीत पोहोचायला वेळ लागतो : गोळ्या, ओआरएसची पाकिटे, आलेपाक, मारी बिस्किटे, घट्ट बंद होणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक छोटा टॉवेल. खाण्याचे पदार्थ आत नेण्याबद्दल जहाजाचे नियम आधी वाचावेत.

पहिली संध्याकाळ

जहाज धक्का सोडते तेव्हा सारे काही स्थिर असते. मुंबईचे बंदर आडोशाचे आहे. जहाज कुलाब्याच्या दक्षिण टोकाजवळच्या प्रोंग्ज दीपगृहापलीकडे जाईपर्यंत पेल्यातले पाणीही फारसे हलत नाही. नेमकी हीच वेळ फसवी असते. बुफेवर गर्दी उसळते, लोक पनीर टिक्का, छोले, गुलाबजाम ताटात रचून घेतात, मुले आइस्क्रीमचा तिसरा कप मागतात, आणि कोणीतरी ठामपणे सांगतो की हलतबिलत काही नाही. पुढे उघडा समुद्र लागतो आणि लांब, संथ उचल सुरू होते. पडदे किंचित झुलताना दिसतात, जिन्यावर पाय अपेक्षेपेक्षा आधी किंवा उशिरा टेकतो, आणि बुफेची गर्दी आपोआप ओसरते.

म्हणून पहिल्या संध्याकाळी निम्मे पोट भरेल इतकेच खावे. पाण्याचे छोटे घोट घेत राहावे. जहाज बंदरात आहे तोवरच सामान लावणे, मोबाइलवरची कामे, मुलांना झोपण्याचे कपडे घालणे ही खाली वाकण्याची आणि बारीक पाहण्याची सगळी कामे उरकून घ्यावीत. उघड्या समुद्रात गेल्यावर मधल्या भागातील उघड्या डेकवर बसावे, तोंड जहाज ज्या दिशेने जाते त्या दिशेला ठेवावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी. धुराड्याच्या मागच्या बाजूला डिझेलचा वास येतो, तेथे थांबू नये. अंधार पडल्यावर क्षितिज दिसेनासे होते; तेव्हा डेकवर रेंगाळण्यापेक्षा खोलीत जाऊन पाठीवर आडवे होऊन डोळे मिटणे अधिक उपयोगी, कारण डोळेच मिटले की डोळ्यांची आणि कानाची विसंगती उरत नाही. डॉक्टरांनी सांगितला असेल तो रात्रीचा डोस चुकवू नये.

त्रास सुरू झालाच तर

पहिली खूण उलटी नसते. वारंवार जांभया येणे, तोंडाला पाणी सुटणे, चेहरा पांढरा पडणे, कपाळावर गार घाम, आणि बोलण्याचा कंटाळा ही आधीची लक्षणे होत. मूल अचानक गप्प झाले, तर ते दमले असे समजू नये. या टप्प्यावर हातातले सगळे सोडून मोकळ्या हवेत यावे किंवा मध्यभागी, खालच्या मजल्यावर आडवे व्हावे. डोके उशीला किंवा भिंतीला टेकवून स्थिर ठेवणे फार महत्त्वाचे आहे. पोटापर्यंत जाणारा संथ, सारख्या लयीचा श्वास घ्यावा; याने मळमळ खरोखर कमी होते. आलेपाक चघळावा, कोरडे बिस्किट थोडे थोडे खावे. सोबतच्यांनी शेजारी बसून जेवणाच्या गप्पा मारू नयेत.

उलटी होणार असे वाटल्यास पिशवी वापरावी. कठड्यावर धावू नये. वाऱ्याच्या दिशेला तोंड करून उलटी केल्यास काय होते ते सांगायला नको, आणि ओल्या डेकवर घसरून पडण्याचा धोका त्याहून मोठा. उलटीनंतर दहा-पंधरा मिनिटे थांबून ओआरएस सुरू करावे. पाकिटावर लिहिलेल्या मापातच ते मिसळावे (मोठे पाकीट सहसा एक लिटर पाण्यात) आणि चमच्या-चमच्याने घ्यावे. घटाघट प्यायल्यास ते लगेच बाहेर येते. गोळी घेतल्यावर थोड्याच वेळात उलटी झाली असेल, तर मनाने दुसरी न घेता जहाजाच्या दवाखान्यात विचारावे. तेथे इंजेक्शन मिळू शकते आणि गोळी पोटात टिकत नसताना तोच उपाय आहे. जहाजावरील उपचारांचे पैसे वेगळे द्यावे लागतात, तेवढ्यासाठी रात्रभर कळ काढू नये.

मधुमेहींनी येथे विशेष सावध राहावे. इन्सुलिन किंवा मधुमेहाची गोळी घेऊन जेवण उलटून पडले, तर साखर झपाट्याने खाली येऊ शकते. अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर तपासावी, आणि ग्लुकोज जवळ असावेच. रक्तदाबाच्या किंवा फिट्सच्या गोळ्या उलटीतून पडल्या असतील, तर तेही डॉक्टरांना सांगावे.

प्रत्येक मळमळ बोट लागल्याचीच असते असे मात्र समजू नये. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, धाप लागणे यांसह घाम आणि मळमळ असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते, आणि वयस्क मधुमेहींमध्ये छातीत न दुखताही तसे होऊ शकते. बोलणे अडखळणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूची शक्ती जाणे, उलटीत रक्त, किंवा लघवी सहा-आठ तास न होणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठावा. उलटीबरोबर जुलाब आणि ताप असल्यास तो पोटाचा संसर्ग असण्याची शक्यता आहे. जहाजांवर नोरोव्हायरस वेगाने पसरतो आणि त्यावर सॅनिटायझर पुरेसा पडत नाही, साबणाने हातच धुवावे लागतात.

उतरल्यावर

परतल्यानंतर एक-दोन दिवस घरातली जमीन डोलल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे, विशेषतः आंघोळ करताना डोळे मिटल्यावर. त्यासाठी औषध लागत नाही. चालत-फिरत राहिल्याने ते लवकर जाते. मात्र आदल्या रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी उतरतानाही असू शकते, त्यामुळे बॅलार्ड पिअरहून फ्री-वेने ठाण्याकडे गाडी चालवत येण्याचे काम गोळी न घेतलेल्या माणसाकडे द्यावे, आणि तसा कोणी नसेल तर टॅक्सी करावी. डोलल्यासारखे वाटणे महिनाभर टिकले, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.